वाटीचे ग्रॅम कसे करावेत: घरच्या कृती वजनी मापात नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एका महिला बचत गटाकडे दिवाळीच्या फराळाची आणि शेंगा चटणीची मोठी मागणी आली आहे. गटातील बहुतेक कृती आई-सासूबाईंच्या वह्यांतल्या, म्हणजे वाटी, चमचा, मूठ आणि क्वचित पावशेर अशा मापांत लिहिलेल्या आहेत. मोबाइलवर पाहावे तर एका तक्त्यात एक वाटी बेसन ८० ग्रॅम, दुसऱ्यात १०० ग्रॅम आणि तिसऱ्यात १२० ग्रॅम असे दिसते. यांतला खरा आकडा कोणता धरावा आणि घरची कृती किलोच्या हिशोबात कशी न्यावी, असे गटातील भगिनींनी विचारले आहे.

हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरीही आपल्या कामाला त्यांतला एकही येणार नाही, असे होऊ शकते. वाटीने आपण पदार्थाने व्यापलेली जागा मोजतो आणि काट्याने त्याचे वजन. या दोहोंना जोडणारा आकडा पदार्थागणिक, वाटीगणिक आणि वाटी भरणाऱ्या हातागणिक बदलतो. सोलापुरात फराळाचे आणि चटण्यांचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि अनेक घरगुती कृती वजनी मापात बसवून दिल्या आहेत. त्या आधारावर माझा सल्ला असा की दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. ज्या वाटीने, ज्या हाताने आणि ज्या गिरणीच्या पिठाने तो लाडू आजवर चांगला होत आला आहे, तीच वाटी, तोच हात आणि तेच पीठ काट्यापाशी आणून स्वतःचा तक्ता तयार करा. एका दुपारचे हे काम आहे आणि त्यावर पुढची अनेक वर्षे निभावतात.

सुरुवात वाटीपासून करावी. आपल्याकडच्या स्टीलच्या वाट्या कोणत्याही ठरलेल्या मापाच्या नसतात. भांड्यांच्या दुकानातून आणलेल्या एकाच संचातल्या वाट्या सारख्या असतात खऱ्या, पण आमटीची वाटी, शिऱ्याची वाटी आणि नैवेद्याची वाटी यांत दुपटीचाही फरक असू शकतो. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, मग ती काठाशी सपाट होईल इतके पाणी ओतावे. जितके ग्रॅम भरतील तितकी मिलीलिटर त्या वाटीची धारणा. काठावर पाणी फुगून उभे राहते, तेवढे जास्तीचे पाणी चमच्याने काढून टाकावे, नाहीतर लहान वाटीत तीन-चार ग्रॅमची चूक होते. उन्हाळ्यात पाणी किंचित हलके होते, पण ३० अंशांनाही तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो, म्हणून त्याची चिंता करू नये. त्यानंतर वाटीच्या बुडाला न पुसणाऱ्या शाईने ते मिलीलिटर लिहून ठेवावेत आणि वहीतल्या कृतीच्या डोक्यावरही लिहावेत.

पाणी सोडले तर एक मिलीलिटर म्हणजे एक ग्रॅम हे समीकरण जवळजवळ कोणालाच लागू पडत नाही. दूध पाण्याहून थोडे जड असते, लिटरला सुमारे १,०३० ग्रॅम. तेल आणि पातळ केलेले तूप हलके असते, लिटरला सुमारे ९१० ग्रॅम. मध फार जड, लिटरला १,४०० ग्रॅमच्या वर. द्रव पदार्थांची गोष्ट मात्र सोपी आहे, कारण द्रव वाटीत कसाही ओतला तरी तो तेवढीच जागा घेतो. अडचण कोरड्या पदार्थांची आहे.

कोरड्या पदार्थाची वाटी कधीच पूर्ण भरलेली नसते. दाण्यादाण्यांच्या मध्ये हवा असते. तांदळाचा एक दाणा पाण्यापेक्षा बराच जड असतो, म्हणूनच तो पाण्यात बुडतो. तरीही २०० मिलीलिटरच्या वाटीत तांदूळ सुमारे १६० ग्रॅमच बसतात, कारण वाटीतली चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा हवेने घेतलेली असते. पिठात ही पोकळी आणखी वाढते. बारीक कण एकमेकांना चिकटतात, कमानी धरतात, आणि मोकळ्या भरलेल्या पिठाच्या वाटीत जवळपास दोन तृतीयांश जागा हवेची असते. तांदूळ किंवा साखर हलवून, आपटून भरली तरी वजन पाच-सात टक्क्यांनीच वाढते, कारण दाणे कठीण असतात आणि त्यांची रचना फारशी बदलत नाही. पिठाचे तसे नाही. ते दाबले की दबते आणि चाळले की फुलते.

डब्यात दाबून भरलेल्या बेसनात वाटी खुपसून, डब्याच्या कडेला ती सपाट करून बाहेर काढली तर २०० मिलीलिटरच्या वाटीत १०५ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक बेसन येते. तेच बेसन आधी चाळून, मग चमच्याने अलगद वाटीत सोडून, उलथन्याच्या पाठीने वरचे पीठ सारून सपाट केले तर वाटीत ८० ग्रॅमच्या आसपास भरते. वाटी तीच, बेसन तेच. फक्त हात बदलला आणि चौथ्या हिश्श्याचा फरक पडला. मोबाइलवरच्या तक्त्यांतला गोंधळ मुख्यतः इथून येतो. त्या तक्त्यांत वाटी कशी भरली हे क्वचितच लिहिलेले असते आणि वाटी केवढी हे तर बहुधा नसतेच.

त्यामुळे कृतीच्या मूळ कर्त्या घरात असतील तर वाटी त्यांनाच भरायला सांगावी. सासूबाई बेसन डब्यातून उपसून घेतात की चमच्याने भरतात, वाटी ओट्यावर आपटतात का, वरती शीग ठेवतात की सपाट करतात, हे न बोलता पाहावे. विचारले तर त्या ‘सपाट वाटी’ म्हणतील आणि प्रत्यक्षात बोटभर शीग असेल; हातांची सवय शब्दांत येत नाही. प्रत्येक पदार्थ त्यांच्याकडून तीनदा भरून घ्यावा, दर वेळी वाटी डब्यात रिकामी करून पुन्हा भरावी आणि तिन्ही वजनांची सरासरी काढावी. तीन वजनांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर आणखी दोन वेळा भरून घ्यावी.

एक उदाहरण करून दाखवते. समजा, बेसन लाडवाच्या कृतीत चार वाट्या बेसन, अडीच वाट्या पिठीसाखर आणि एक वाटी पातळ तूप आहे, आणि वाटी १५० मिलीलिटरची निघाली. बेसनाची तीन वजने ६६, ७१ आणि ६७ ग्रॅम आली, म्हणजे सरासरी ६८ ग्रॅम. पिठीसाखरेची वाटी ८० ग्रॅम भरली आणि तुपाची १३६ ग्रॅम. आता बेसन २७२ ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम आणि तूप १३६ ग्रॅम असा हिशोब झाला. यापुढची पायरी बहुतेक जणी गाळतात आणि तीच सर्वांत उपयोगाची आहे: मुख्य पदार्थ १०० धरून बाकीचे त्याच्या टक्क्यांत लिहावेत. बेसन १००, पिठीसाखर ७३.५, तूप ५०. पावामध्ये मैदा १०० धरून पाणी, मीठ, यीस्ट यांचे टक्के लिहिण्याची बेकरीवाल्यांची रीत हीच आहे. एकदा असे लिहिले की एक किलो बेसनाला ७३५ ग्रॅम पिठीसाखर आणि ५०० ग्रॅम तूप, सात किलो बेसनाला ५ किलो १४५ ग्रॅम साखर आणि साडेतीन किलो तूप. वाटी पुन्हा मध्ये आणावीच लागत नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी नीट समजून घेतली तर निम्मी भीती जाते. कृतीतले सगळे पदार्थ एकाच वाटीने मोजलेले असतील तर वाटी १५० मिलीलिटरची होती की २०० ची, याने पदार्थांच्या परस्पर प्रमाणात काहीच बदल होत नाही; वाटीचा आकार गुणाकार-भागाकारात निघून जातो आणि फक्त पदार्थ किती जड-हलका हे उरते. म्हणून आजीची मूळ वाटी हरवली असली तरी अशी कृती वाचवता येते. कृतीत वाटीबरोबर दुसऱ्या जातीचे माप आले की मात्र वाटीचा आकार महत्त्वाचा होतो. ‘दोन वाट्या रवा आणि पाव किलो गूळ’, ‘तीन वाट्या मैदा आणि दोन अंडी’, ‘चार वाट्या तांदूळ आणि एक नारळ’ अशा कृतीत वाटी ओळखता आली नाही तर प्रमाणच हाती लागत नाही. तिथे अंदाजाने दोन-तीन लहान घाणे करून पाहणे हाच मार्ग उरतो. गुळाविषयी एवढेच सांगते की तो वाटीने कधीही मोजू नये. चिरलेला, किसलेला आणि फोडलेला गूळ वाटीत इतका वेगवेगळा बसतो की त्या मापाला अर्थ राहत नाही.

चकलीच्या किंवा थालीपिठाच्या भाजणीसाठी फार कष्ट घेण्याची गरज नाही. तांदूळ, ज्वारी, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ ही सारी धान्ये आणि डाळी लिटरला साधारण ७२० ते ८५० ग्रॅमच्या पट्ट्यात येतात, म्हणून ‘चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ’ हे प्रमाण तसेच ४ : २ : १ किलोत नेले तरी चकली बिघडत नाही. पोहे, धने आणि जिरे मात्र या पट्ट्याबाहेरचे. धन्यांची वाटी डाळीच्या वाटीच्या निम्म्याहूनही कमी भरते, कारण धने पोकळ असतात. ज्यांनी भाजणीत वाटीला वाटी धरून तेवढेच किलो धने घातले, त्यांच्या भाजणीला धन्यांचाच वास आला असेल. पोह्यांतही जाड आणि पातळ यांत मोठा फरक असतो, तेव्हा ते काट्यावरच घ्यावेत.

ज्यांना आरंभाला काही आकडे हवेत त्यांच्यासाठी २०० मिलीलिटरच्या सपाट वाटीचे अंदाज देते. आपल्या वजनांशी ताडून पाहण्यापुरतेच ते वापरावेत. साखर १७० ग्रॅम, पिठीसाखर १०० ते ११०, मैदा आणि कणीक १०० ते १२५, ज्वारीचे पीठ १०० ते १२०, रवा १४०, तांदूळ १५५ ते १६५, तूर डाळ १६५ ते १७०, साबुदाणा १३०, कच्चे शेंगदाणे १२५, तीळ १२०, बारीक मीठ २४० च्या आसपास. आपले वजन यापासून फारच दूर गेले तर आधी वाटीची धारणा आणि मग काटा तपासावा. गिरणीतून ज्वारी दळून आणली की पिठाला धान्यापेक्षा मोठा डबा लागतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. एक किलो ज्वारी सव्वा ते दीड लिटर जागा घेते आणि तिचे पीठ दोन लिटरच्या जवळपास जागा घेते. वजन मात्र गिरणीत उडालेले पीठ सोडले तर तेवढेच राहते. माप आणि वजन यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

आता शेंगा चटणीकडे येते, कारण सोलापूरची मागणी तिचीही आहे आणि वाटीने सर्वांत जास्त फसवणूक तिच्यातच होते. ‘दोन वाट्या शेंगदाणे भाजून, सोलून, कुटून’ आणि ‘दोन वाट्या भाजलेल्या दाण्यांचे कूट’ या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिल्या कृतीत वाटी कच्च्या दाण्यांची आहे. भाजताना पाणी उडते, साले आणि नाकेही जातात, आणि एक किलो कच्च्या दाण्यांचे साधारण ९२० ते ९५० ग्रॅम सोललेले दाणे उरतात. नेमका आकडा दाण्यांच्या ओलाव्यावर आणि भाजण्यावर अवलंबून असल्याने प्रत्येक नव्या पोत्याला तो काढून ठेवावा. दुसऱ्या कृतीत वाटी कुटाची आहे, आणि कूट किती बारीक यावर वाटीतले वजन ठरते. जाडसर भरड मोकळी बसते. उखळात कुटत गेले की दाण्यांना तेल सुटते, कूट ओलसर होते, एकमेकांना धरते आणि वाटीत दाबून बसते. त्याच दाण्यांचे माप असे कमी होत जाते आणि वजन तिळभरही बदलत नाही. मिक्सरचे कोरडे कूट आणि उखळातले तेल सुटलेले कूट यांच्या एकेका वाटीला मीठ तेवढेच घातले, तर एक चटणी खारट आणि दुसरी अळणी लागणार.

म्हणून चटणीचा पाया नेहमी भाजून सोललेल्या दाण्यांच्या वजनावर ठेवावा आणि बाकी सारे त्याच्या टक्क्यांत घ्यावे. माझ्या कामात एक किलो सोललेल्या दाण्यांना २५ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम लाल तिखट आणि ७० ग्रॅम सोललेला लसूण इथून आरंभ होतो, आणि ग्राहकाच्या जिभेप्रमाणे तिखट वर-खाली करते. मिठात मात्र दोन-तीन ग्रॅमचा फरकही जिभेला कळतो. लसूण पाकळ्यांच्या संख्येने घेऊ नये. गावरान लसणाच्या दहा पाकळ्या आणि बाजारातल्या मोठ्या लसणाच्या दहा पाकळ्या यांच्या वजनात तिपटीचा फरक सहज पडतो.

तिखट, हळद, मीठ, सोडा यांच्या चमच्यांचे ग्रॅम करणे हे वेगळे कौशल्य आहे. पुस्तकी चहाचा चमचा ५ मिलीलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलीलिटरचा, पण आपल्या घरातला पोहे खाण्याचा चमचा, चहाचा चमचा आणि मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा यांतला एकही त्या मापाशी बांधलेला नसतो. सपाट ५ मिलीलिटरच्या चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम, खाण्याचा सोडा साडेचार ग्रॅमच्या वर, हळद ३ ग्रॅम आणि जिरे २ ग्रॅमच्या आसपास बसतात. शीग ठेवलेल्या चमच्यात हेच दुप्पट होते. खड्याचे मीठ चमच्यात बारीक मिठापेक्षा कमी भरते, म्हणून कृतीत कोणते मीठ आहे हे लिहिल्याशिवाय चमच्याला अर्थ नाही. वजनात घेतले तर दोन्ही मिठांचा खारटपणा जवळपास सारखाच येतो.

स्वयंपाकघरातला साधा काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे एक चमचा हळद त्यावर मोजली तर ३ ग्रॅमच्या जागी २ किंवा ४ दिसू शकते. दहा सपाट चमचे एका वाटीत काढून एकदम वजन करावे आणि दहाने भागावे. ही दहा चमच्यांची वाटी काट्यावर एकदम ठेवावी. शून्य दाखवणाऱ्या काट्यावर चिमूट-चिमूट करून टाकत बसू नये. बरेचसे इलेक्ट्रॉनिक काटे शून्याच्या जवळचा अगदी सावकाश होणारा बदल आपला स्वतःचाच डळमळाट समजून पुसून टाकतात, आणि दोन-तीन ग्रॅम मीठ पडले तरी आकडा शून्यच राहतो. सोडा आणि यीस्ट यांच्यासाठी शक्य असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा लहान काटा वेगळा ठेवावा.

चमच्यांचे ग्रॅम करताना सरळ गुणाकार करून मोकळे होऊ नये, असेही माझे मत आहे. घरच्या एका घाण्यात ‘अर्धा चमचा’ लिहिलेला मसाला प्रत्यक्षात पाव ते पाऊण चमच्याच्या मध्ये कुठेही असतो. त्याला वीसपट केले की ती सैलही वीसपट होते. म्हणून मसाल्यांचा वजनी आकडा आधी एका लहान घाण्यावर चाखून पक्का करावा, मग दुपटीच्या, मग पाचपटीच्या घाण्यावर, आणि नंतरच मोठी कढई चढवावी.

तेलाबाबत बाजारात एक सापळा आहे. तेलाचा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. १५ लिटर तेलाचे वजन साधारण १३ किलो ६५० ग्रॅम भरते, म्हणजे सुमारे एक किलो ३५० ग्रॅमचा फरक. भावाची तुलना करताना दोन्ही डबे किलोवर आणूनच करावी. गरम झाले की तेल फुगते, त्याची जागा वाढते आणि वजन तसेच राहते. याच गुणधर्मामुळे पिशवीवर ‘६० अंश तापमानाला एक लिटर’ असे छापून प्रत्यक्षात कमी तेल भरता येते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली तेल उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून वजन योग्य लिहायला सांगितले ते यामुळेच. आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच की तेल आणि तूप कृतीत ग्रॅमने लिहावे. तुपाच्या बाबतीत तर थिजलेले की पातळ हा प्रश्नच मग राहत नाही, कारण थिजलेल्या तुपाच्या वाटीत हवेचे खळगे राहतात आणि वाटी कमी भरते.

वहीत पावशेर, छटाक, चिपटे, मापटे असे शब्द असतील तर थोडे थांबून पाहावे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून पुढच्या काही वर्षांत ती मापे टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याआधीच्या किंवा त्या सवयीतल्या कृतीत शेर असू शकतो. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा, त्यामुळे पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक सुमारे ५८ ग्रॅम. पुढे बोलण्यात पावशेर म्हणजेच पाव किलो असे रूढ झाले, आणि त्यात सात टक्क्यांचा फरक आहे. लाडवात तो चालून जातो, पाकाच्या पदार्थात जाणवू शकतो. अधिक काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यावी: शेर हे वजनही होते आणि धान्य भरून मोजायचे मापही होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही मालिका मापाची आहे, वजनाची नाही, आणि तिचा आकार गावागावांत वेगळा होता. ‘शेरभर ज्वारी’ मापाने असेल आणि ‘शेरभर गूळ’ वजनाने, एकाच कृतीत. घरात जुने लाकडी किंवा पितळी मापटे शिल्लक असेल तर तेही पाण्याऐवजी तांदळाने भरून ताडावे, कारण जुन्या लाकडी मापांतून पाणी झिरपते. एका ज्ञात वाटीने तांदूळ मोजून त्यात ओतत जावे आणि वाट्या मोजाव्यात.

नानकटाई, केक किंवा बिस्किटे यांच्या परदेशी कृतींत येणारा ‘कप’ हाही एक नाही. अमेरिकी कप २३६.६ मिलीलिटरचा, तिथल्याच पोषणमूल्यांच्या लेबलांवर तो २४० धरतात, ऑस्ट्रेलियात २५० आणि जपानमध्ये २००. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलीलिटरचा आहे, बाकी ठिकाणी बहुधा १५. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या कपांवर २४० किंवा २५० छापलेले असते, पण तेही एकदा पाण्याने मोजून घ्यावेत. अमेरिकी कृतीत लोण्याची ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम आणि एक कप लोणी म्हणजे २२७ ग्रॅम. औंस दोन प्रकारचा असतो, वजनाचा २८.३५ ग्रॅमचा आणि द्रवाचा २९.५७ मिलीलिटरचा; दुसरा फक्त पातळ पदार्थांसाठी आहे. मैद्याचा एक कप चमच्याने भरला तर १२० ग्रॅम आणि उपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, आणि केक कोरडा होण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा हेच असते.

काट्याविषयी दोन गोष्टी. एक, तो ओट्याच्या सपाट आणि कठीण भागावर ठेवावा, पंखा थेट वर नसावा, आणि महिन्यातून एकदा तरी किराणा दुकानातल्या शिक्का मारलेल्या वजनाने ताडून पाहावा; पाण्याच्या बाटलीने ताडू नये, कारण बाटलीचेच माप नक्की नसते. दुसरी, घरगुती काट्यावर कृती बसवावी, पण विक्रीची पाकिटे भरताना वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का असलेलाच काटा वापरावा. २००९ चा वैधमापन कायदा आणि पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे नियम यांप्रमाणे पाकिटावर निव्वळ वजन लागते, म्हणजे डबा, पिशवी, स्टिकर वगळून आतल्या मालाचे. चटणीच्या २०० ग्रॅमच्या पाकिटात पिशवीचे चार ग्रॅम धरले गेले तर ती ग्राहकाची फसवणूक ठरते, भले ती न कळत झाली असेल.

वजन घेतले म्हणून सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही सांगायला हवे. पिठात ओलावा असतो. सोलापूरचा एप्रिल-मे कोरडा ठणठणीत, आणि तेव्हा डब्यातले पीठही कोरडे पडते. ऑगस्टमध्ये तेच पीठ हवेतून ओल धरते. १०० ग्रॅम कोरड्या पिठाला १०० ग्रॅम दमट पिठापेक्षा जास्त पाणी लागते, म्हणून कणकेचे आणि चकलीच्या उकडीचे पाणी ठरावीक ग्रॅमने बांधू नये. त्यातले नव्वद टक्के मोजून घ्यावे आणि उरलेले हाताला विचारून घालावे. ज्वारीचे तर याहून वेगळे आहे. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने पिठातला काही स्टार्च फुगून चिकट होतो आणि त्यावर भाकरी थापली जाते. पीठ जुने होऊन विरी, म्हणजे पीठ धरून राहण्याचा गुण, गेली असेल तर काट्यावर नेमके वजन घेऊनही भाकरी फाटणारच. कडक भाकरी विकणाऱ्यांनी एका भाकरीचे पीठ ग्रॅमने ठरवावे, कारण पाकिटातल्या भाकऱ्या सारख्या दिसल्या पाहिजेत, पण पाण्याचे माप थापणाऱ्या बाईंवर सोडावे.

तक्ता तयार झाला की प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: वाटीचे मिलीलिटर, भरण्याची रीत, मालाचा प्रकार किंवा गिरणी, आणि तारीख. बेसनाची कंपनी बदलली, रवा बारीकऐवजी जाड आला, पिठीसाखर बाजारातली घेण्याऐवजी घरी दळली, तर वाटीवरून काढलेला जुना आकडा त्या नव्या मालाला लावू नये. टक्क्यांत लिहिलेली कृती मात्र तशीच ठेवावी. नव्या मालाचा एक लहान घाणा त्याच टक्क्यांवर करून चाखावा, आणि बदल करायचाच झाला तर तूप किंवा पाक यांतल्या एकाच गोष्टीचा, एका वेळी दोन-तीन टक्क्यांचा करावा, म्हणजे कशाने काय झाले हे वहीत नोंदवता येईल.